आवाज बसवून मिळेल

माझ्या गॅरेजच्या पाटीवर एकच ओळ आहे. 'येथे फक्त ब्रेकचे काम होईल.' पाटी मी स्वतः रंगवलीय, त्यामुळे 'ब्रे'वरची मात्रा जरा वळणावरच्या रिक्षासारखी कललीय. शाळा माझी चौथीपर्यंत. ज्यांना इंजिनचं, एसीचं, डेंटिंग-पेंटिंगचं काम असेल त्यांनी पुढं जावं, मानपाड्यापासून स्टेशनपर्यंत गॅरेजांना तोटा नाही. गाडी चालू करून देणारे गल्लोगल्ली आहेत. थांबवून देणारा मी एकटा.

आता हात थोडे थरथरतात, पण सकाळी जाऊन बसतो. दिवाळी अंक काढणाऱ्या बाई घरी आलेल्या, म्हणाल्या, 'काका, तुमचे अनुभव लिहा.' मी म्हटलं, 'माझा अनुभव सगळा चाकाच्या आत आहे, बाहेरून कुणाला दिसत नाही.' त्या म्हणाल्या, 'मग तोच लिहा.' तर आता वाचा. शुद्धलेखन ज्याला येत असेल त्याने सुधारून घ्यावं, माझी हरकत नाही.

आधी ब्रेक म्हणजे काय ते सांगतो. गाडी घेताना लोक सीटचा रंग बघतात, मागचा कॅमेरा बघतात, छताला खिडकी आहे का बघतात. ब्रेक कुणी बघत नाही. चाकाच्या आत लोखंडाची थाळी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही अंगाला दोन वड्या असतात, ते पॅड. तुम्ही पेडल दाबलं की नळीतलं तेल पुढं सरकतं आणि त्या वड्या थाळीला दोन्हीकडून चिमटीत धरतात. झालं. एवढ्यावर आपला सगळ्यांचा जीव टांगलेला आहे. धरून धरून वडी झिजते, साबणाच्या वडीसारखी. साबण संपला की नवीन घेता ना? मग.

वडी संपत आली की सांगायला तिला एक पत्र्याची जीभ ठेवलेली असते. वडी झिजली की ती जीभ थाळीला टेकते आणि किंचाळते. म्हणजे ब्रेक बिघडल्यावर ओरडत नाही, बिघडायच्या आधी ओरडतो. माणसांत ही सोय नाही.

पण ऐकतो कोण? ठाकुर्लीच्या एका गृहस्थांनी त्या आवाजावर खोबरेल तेल सोडलेलं. घरातल्या दाराची कुरकुर त्यानेच गेलेली म्हणे. आवाज गेला, आणि त्याच्यासोबत ब्रेकही गेला. सोसायटीच्या गेटात गाडी थांबली नाही, वॉचमनच्या केबिनला नमस्कार करून थांबली. वॉचमन चहाला गेलेला म्हणून वाचला. एक बाई गाणी मोठ्याने लावून यायच्या. मी म्हटलं, 'ताई, गाणं बंद करा, गाडी काय म्हणतेय ते ऐका.' तर म्हणाल्या, 'ते ऐकायला लागू नये म्हणून तर गाणं लावलंय.'

किंचाळण्याच्या जागी घरघर आली तर समजावं की वडी संपली, आता लोखंडावर लोखंड. पेडल पावात बोट घातल्यासारखं मऊ लागलं तर तेलात हवा शिरलीय, नाहीतर तेल कुठंतरी गळतंय. दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते? एक चाक धरतंय, दुसरं नुसतं हजेरी लावतंय. पावसात रात्रभर उभ्या गाडीने सकाळी थोडी कुरकुर केली तर मात्र घाबरायचं नाही, थाळीवर गंज धरलेला असतो, तो ब्रेक मारला की पुसला जातो. आणि जळका वास आला तर ब्रेक सुटत नाहीये, चिकटून बसलाय. वास हा माझा मोठा गुरू. गाडी दारात आली की मी आधी वाकून चाकाशी नाक नेतो. नव्या माणसाला वाटतं, म्हातारा गाडीच्या पाया पडतोय.

माझ्याकडून गाडी गेली की तिचं मांजर झालं पाहिजे, हा माझा हट्ट. आलं-गेलं कळायला नको. नाक्यावरून जाणारी कुणाचीही गाडी किंचाळली तर मी हातातला चहा ठेवून रस्त्यात आडवा उभा राहतो. आमच्या घरची म्हणते, 'ज्याला ब्रेक नाही त्याच्याच पुढं तुम्ही उभे राहता, एक दिवस फोटोला हार घालायची वेळ आणाल.' मी ऐकत नाही. आणि या हट्टापायीच पुढचं सगळं घडलं.

जयवंतशेठ इथलेच, गावातले. त्यांच्या बापजाद्यांची भातशेती होती, खाडीकडेला मिठागरावर काम होतं. आता शेतात इमारती उभ्या आहेत आणि शेठकडे पांढरी मोठी गाडी आहे. माणूस मनाने चांगला, गळ्याने मोठा. त्या गाडीचा पुढचा ब्रेक असा किंचाळायचा की नाक्यावरची कुत्री उठून जागा बदलायची. मी दर वेळी अडवायचो.

'शेठ, वड्या संपल्यात.'

'असू दे मिस्तरी, गाडी चालते ना?'

'चालायचं कोण विचारतंय? थांबायचं बोला.'

'थांबते पण.' असं म्हणून काच वर.

शेवटी एका सकाळी मी नाक्यावर गाडीपुढं स्टूल टाकून बसलो. मागे रिक्षावाले हॉर्न मारायला लागले. मी म्हटलं, 'गाडी आत घ्या, नाहीतर माझ्यावरून न्या.'

'मिस्तरी, तुम्हाला दुसरा धंदा नाय काय?'

'नाही. पाटी वाचा.'

नाक्यावर माणसं जमली, हसायला लागली, तेव्हा शेठने गाडी आत घेतली. वड्या काढल्या तर पापडासारख्या पातळ राहिलेल्या. मी त्या त्यांच्या हातात ठेवल्या. नवीन बसवल्या, थाळी घासली, पिना साफ केल्या, वंगण जिथं लागतं तिथंच लावलं. गाडीचं मांजर झालं. शेठ निघाले पण खुश दिसले नाहीत. मला वाटलं, खर्च झाला म्हणून.

दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडतोय तर दारात शेठची आई. तिला सगळा गाव बय म्हणतो. नाकात मोरणी, डोक्यावर टोपली, टोपलीवर गोणपाट, आणि डोळे असे की वेल्डिंगची गरज नाही.

'मिस्तऱ्या, माज्या पोऱ्याच्या गारीचा आवाज कुनी कारला?'

मला वाटलं, कौतुकाला आली. मी छाती पुढं काढून म्हटलं, 'मीच काढला बय. आता काळजी नाही.'

'मंग परत बसव.'

मला कळेना. बयने टोपली खाली ठेवली आणि तोंड सोडलं. ते सगळं छापण्यासारखं नाही, छापण्यासारखं तेवढं सांगतो.

नाक्यावरच्या बाजारात बयची सुक्या मासळीची जागा आहे. बोंबील, सुकट, जवळा, वाकट्या. सून म्हणून या गावात आली तेव्हापासून ती तिथं बसते, सासूच्या जागेवर. शेठने मोठं घर बांधलं तेव्हा भरल्या भावकीत जाहीर केलं की आता माझी बय बाजारात बसणार नाय. बय 'बरं' म्हणाली. आणि दुसऱ्या दिवशी शेठ साइटवर गेल्याबरोबर टोपली घेऊन निघाली. तेव्हापासून रोज तेच. शेठची गाडी कोपऱ्यावर किंचाळली की बाजारातल्या बाया ओरडायच्या, 'बय, पोऱ्या आयला!' बय टोपलीवर गोणपाट टाकून मागच्या गल्लीतून घरी. गाडी बाजाराच्या गर्दीतून घराच्या दारात पोचेपर्यंत बय झोपाळ्यावर बसून पाय हलवतेय, जशी काय जन्मापासून तिथंच बसलीय.

आणि काल गाडी मांजरासारखी आली. बय बोंबलाचे वाटे लावत होती, मान वर केली तर समोर शेठ, गाडीतून उतरतायत. बय दुसरी कुणी असती तर गांगरली असती. ही टोपलीच्या या बाजूची उठून त्या बाजूला गेली, गिऱ्हाईक होऊन उभी राहिली आणि शेजारी बसणाऱ्या हौसाला म्हणाली, 'कवरं महाग लावतंस गो! जरा कमी कर.'

हौसाही तयारीची. लगेच बयच्या टोपलीमागं सरकली आणि म्हणाली, 'परवडत नाय बय. घेयाचं तं घे, नायतं पुढं जा.'

आपल्याच बोंबलांचा भाव बयने एवढा पाडला की हौसाला खरंच राग आला. दोघी हमरीतुमरीवर आल्या. शेवटी शेठने मध्ये पडून खिशात हात घातला आणि आईचे बोंबील आईलाच विकत घेऊन दिले. वर हौसाला दम, 'म्हाताऱ्या बाईला लुटता काय गो?' मग आईला गाडीत बसवून घरी नेलं.

मी हसायला लागलो तर बय भडकली. 'हसतस काय? रोज रोज मी माजीच गिऱ्हाईक होव काय?'

'बय, सुनेला फोन करायला सांग की. शेठ निघाले की तिने तुला फोन करायचा.'

'तो निंगाला ते तिला तरी कुटं म्हाईत? आनि फोन वाजला कं कोनाचा तो बगाला चष्मा लागतं. चष्मा गावंतवर पोऱ्या डोक्यावर. तू आवाज बसव.'

मी साफ सांगितलं, 'बय, मी आवाज काढतो. बसवत नाही.'

'बारका बसव.'

'बारका नाही, मोठा नाही. ब्रेक खोटं बोलायला शिकला तर उद्या खरं बोलेल तेव्हा शेठ ऐकणार नाहीत. मग कुठं जाऊन आपटतील?'

हे तिला पटलं. पटलं म्हणून ती गप्प बसणारी नव्हे. तिने गोणपाट काढलं, माझ्या दारातच पसरलं आणि त्यावर बोंबलांचे वाटे मांडले. 'मंग माज्या पोऱ्याला नाय दिसाचं आसं दुसरं ठिकान हेच. मी हितंच बसतंय.'

बसली. खरंच बसली, आणि रोज बसायला लागली. गॅरेज नाक्यावरून आत, गल्लीत आहे, शेठची गाडी एरवी इकडं वळत नाही, ते तिने बरोबर हेरलेलं. माझी गिऱ्हाइकं ब्रेक करायला यायची आणि सुकट घेऊन जायची. काही नुसती सुकट घ्यायलाच यायला लागली. एक पेन्शनर जोशी काका, कांदा-लसूणसुद्धा न खाणारे, नाकाला रुमाल लावून म्हणाले, 'मिस्तरी, तुम्ही धंदा बदललात का?' माझ्याआधी बय म्हणाली, 'नाय. वारवला.' त्यांना ते कळलं नाही आणि मी 'वाढवला' असं सांगितलं नाही.

माझं भांडण मासळीशी नाही. मी कोकणातला, माझं कालवण तिच्याशिवाय होत नाही. भांडण वेगळं होतं. माझा गुरू गेला. बोंबलाच्या वासापुढं ब्रेकचा वास काय टिकतोय! एक गाडी आली, मागचं चाक चिकटून चाललेलं. एरवी मी ते गल्लीच्या तोंडाशी ओळखलं असतं. त्या दिवशी वाकलो, नाक नेलं, जवळा. दुसऱ्या चाकाला नेलं, वाकटी. शेवटी हात लावला तेव्हा चटका बसला आणि कळलं. गिऱ्हाईक म्हणालं, 'काका, पूर्वी तुम्ही हात न लावता सांगायचात.' ते वाक्य मला चटक्यापेक्षा जास्त लागलं.

त्याच दुपारी शेठची बायको रंजना बयसाठी तांदळाची भाकरी घेऊन आली. बय हात धुवायला नळावर गेल्यावर ती मला हळूच म्हणाली, 'काका, काहीतरी करा. आईंची जागा जाईल.'

'जागा कशी जाईल? इतकी वर्षं तिचीच आहे ना?'

'बाजारात जागा बसेल त्याची असते. कागद नसतो तिथं. हौसाबाई तिथं दगड ठेवून त्यावर गोणी टाकते, सांगते की बय आजारी आहे. पण एक नवीन बाई रोज येऊन त्या गोणीकडं बघून जाते. आज तिने गोणी थोडी सरकवली.'

मी म्हटलं, 'अगं पण तिचं वय बघ. घरी झोपाळा आहे, तू आहेस.'

रंजना म्हणाली, 'झोपाळ्यावर बसल्या ना काका, की दुपारपर्यंत त्या म्हाताऱ्या होतात. जेवत नाहीत, बोलत नाहीत. बाजारातून आल्या की माझ्याशी भांडायची ताकद असते अंगात.'

'तुला भांडणारी सासू पाहिजे?'

'मग गप्प बसलेली सासू घेऊन करू काय?'

'मग नवऱ्याला सांग सरळ.'

'ते भावकीत शब्द देऊन बसलेत. शब्द मागं घ्यायला सांगितलं की आणखी ताठ होतील. तुम्हाला तर माहीतच असेल ताठ माणूस कसा असतो.' हे म्हणताना ती माझ्याकडंच बघत होती. मी पान्याकडं बघितलं.

त्या संध्याकाळी तंबाखू मळताना माझ्या डोक्यात आलं. ब्रेकने खोटं बोलायचं नाही, हे पक्कं. पण गाडीत ब्रेक सोडून बाकी जागा काय कमी आहे? आणि मी फक्त ब्रेकवाला. बाकीच्या आवाजांना मी जबाबदार नाही, पाटीवर तसं लिहिलेलंच आहे.

नवीन वड्या बसवल्या की थोड्या दिवसांनी चाक उघडून बघावं लागतं, त्या थाळीवर नीट बसल्या का ते. हे खरं आहे, तुम्हीही करून घ्या. शेठना निरोप धाडला. बयला त्या दिवशी घरी थांबवली आणि गॅरेज फिनेलने धुतलं. शेठ आले, चहा प्यायला समोर गेले. मी चाक काढलं, वड्या बघितल्या, एकदम बरोबर. मग माझी चुन्याची डबी रिकामी केली, तिच्यात जुन्या बेअरिंगचे छर्रे टाकले, झाकण चेपून बंद केलं आणि चाकावर प्लास्टिकची जी टोपी असते तिच्या आतल्या कडेला ती डबी तारेने आवळून बांधली. फिरणाऱ्या कशाला अडणार नाही, सुटून पडणार नाही, हे दोनदा बघितलं. चाक हळू फिरलं की छर्रे डबीत गडगडतात, खुळुक खुळुक. वेग घेतला की एका बाजूला दाबून बसतात, गप्प. हमरस्त्याला काही नाही, बाजारात शिरताना खुळखुळा. मी आयुष्यात एवढं साफ काम केलं नसेल.

बय दुसऱ्या दिवशी आपल्या जागेवर बसली. कोपऱ्यावर खुळुक खुळुक झालं, हौसा ओरडली, बय झोपाळ्यावर. नव्या बाईने गोणीचा नाद सोडला. माझ्या दारात कुणीतरी वाकट्यांची जुडी ठेवून गेलं. कोण ते विचारायचं कारण नव्हतं.

पण गंमत फार दिवस नुसती गंमत राहत नाही. शेठ आले.

'मिस्तरी, गाडीला खुळखुळा लागलाय.'

मी गाडी हळू चालवून बघितली, कान लावला, मान हलवली. 'ब्रेकचा नाही.'

'मग कशाचा?'

'ते मला काय माहीत? ब्रेकचा निघाला तर मिशी उतरवून तुमच्या हातात देईन.'

मिशीवर मी कधी खोटी शपथ घेत नाही, आणि ही खोटी नव्हतीच. पण नाक्यावर लोक कुजबुजायला लागले. म्हाताऱ्याने चाक उघडलं आणि खुळखुळा लावून दिला. म्हाताऱ्याचं आता नाक गेलं, हात गेले. माझ्या समोरचा टायरवाला, ज्याला ब्रेकमधला 'ब्रे'सुद्धा येत नाही, तो गिऱ्हाइकांना सांगायला लागला, 'काकांकडं जाऊ नका, आवाज बसवून मिळेल.' तेही मी गिळलं. घरी आमच्या घरचीने विचारलं, 'चुन्याची डबी कुठं हरवली?' म्हटलं, 'हरवली.' मग रोज चुना उसना मागत फिरायला लागलो. नाक्यावर त्याचीही चर्चा.

शेठने गाडी ठाण्याच्या मोठ्या शोरूमला नेली. तिथं गाड्या उचलून वर टांगतात आणि मालकाला एसीत बसवून कॉफी देतात. मला कुणीतरी हे सांगितलं. चाकाची टोपी काढली की संपलंच की. डबी सापडणार, शेठना कळणार, बयचा बाजार बंद. माझी मिशी राहिली तरी तोंड दाखवायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. पायी आले. स्टूल ओढून बसले आणि खिशातून डबी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. तार अजून तिला लटकत होती.

'ही कोणाची?'

'अशा डब्या पुष्कळांकडं असतात शेठ.'

'पुष्कळ लोक चुना उसना मागत नाय फिरत.'

मी खिशातली उसन्या चुन्याची पुडी आणखी आत ढकलली.

शेठ म्हणाले, 'शोरूमवाला पोरगा घाबरला. म्हणाला, साहेब, कुणीतरी करणी केलीय, तुमच्या वाईटावर आहे. तोडून टाकू का? मी म्हटलं, तोडू नको, दे इकडं.' मग त्यांनी आवाज खाली घेतला. त्यांचा आवाज खाली येतो हे मला तोवर माहीत नव्हतं. 'मिस्तरी, माझी बय बाजारात बसते, ते मला ठाऊक नाय असं वाटतं तुम्हाला? झोपाळ्याच्या कड्यांना सुकटीचा वास येतो. मी त्याच घरात वाढलोय.'

'मग...'

'मग काय? बघितलं तर मला बोलायला लागतं. भावकीत बोलून बसलोय. नाय बघितलं तर नाय बोलायला लागत. म्हणून तो ब्रेक तसाच ठेवलेला. कोपऱ्यावर गरज नसली तरी दाबायचो, चांगला मोठ्याने. आणि तुम्ही स्टूल टाकून बसलात!'

'सांगायचं ना शेठ!'

'काय सांगू? सगळा नाका बघत होता. सांगू, की माझ्या आईला पळायला वेळ मिळू दे?'

'पण त्या दिवशी गाडीतून उतरलात कशाला?'

'सवयीने दाबला, तर आवाजच नाय. मान वळवली बय उठली का ते बघायला, तर ती समोरच. नजरेला नजर मिळाली, मग उतरायलाच लागलं. नंतर ती बोंबलाचा भाव करत होती तेव्हा मला हसू आवरेना, म्हणून हौसावर ओरडलो.'

मी डबी उचलली, झटकली. छर्रे शाबूत होते. 'परत बसवतो,' म्हटलं.

'ही नको. मोठी बसवा. बयला आता कमी ऐकायला येतं. मागच्या आठवड्यात डबी वाजत होती, हौसा ओरडत होती, तरी बय वाटे लावतेय. मला कोपऱ्यावर गाडी बंद पडल्याचं नाटक करायला लागलं. बॉनेट उघडून उभा होतो. दोन माणसं मदतीला आली, त्यांना काय सांगू?'

मी घरी गेलो, फडताळातून हिंगाची डबी घेतली, हिंग वाटीत ओतला. आमच्या घरचीने बघितलं आणि काही विचारलं नाही, म्हणजे रात्री विचारणार होती. शेठ गाडी घेऊन आले. मी मोठे छर्रे टाकून डबी बांधली, चाक चढवलं आणि म्हटलं, 'चला, वाजवून बघू.'

बाजाराच्या कोपऱ्यावर शेठने वेग कमी केला. डबी अशी वाजायला लागली की भाजीवाल्याने दचकून तराजू खाली ठेवला. हौसा ओरडली. शेठ सरळ समोर बघत होते. मान अशी ताठ धरलेली, जशी न्हाव्यासमोर धरतात.

'कोण आहे काय तिकडं?' त्यांनी विचारलं.

मी बघितलं. बयने ऐकलेलं. पण ती उठली नाही. गुडघ्यावर हात ठेवून उठायचा विचार केला असेल, तो सोडून दिला. बसल्या जागी वळली, रस्त्याकडं पाठ केली आणि पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. पाठीमागून कुणाचीही आई वाटावी अशी. हात मात्र वाटे लावत होते.

'कोणी नाही, शेठ.'

'बरं.'

बाजार संपला. घराकडं वळायचा रस्ता आला. शेठने ब्रेक दाबला, गाडी जिथल्या तिथं थांबली, कुठं किंचाळणं नाही, कुठं ओढणं नाही. पण ते वळले नाहीत. थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले.

'टोपलीत बोंबील बरेच रायलेत काय?'

'थोडे आहेत.'

'मग जरा ठाकुर्लीला जाऊन येऊ,' शेठ म्हणाले, आणि त्यांनी गाडी सरळ नेली.